दुसरा बुडबुडा

बुडबुडा सासूबाईंच्या झाडावर होता.

सुनेने झाड दिव्याखाली पुन्हा फिरवलं. मधे मेणाची जाड दांडी आणि तिला चहूबाजूंनी चिकटवलेले हिरव्या मेणाचे छोटे पंखे. म्हणून कारखान्यात सगळे त्याला झाडच म्हणत. पुढे यावर लेप चढणार. लेप वाळला की आतलं मेण वितळवून काढणार आणि उरलेल्या पोकळीत पोलाद ओतणार. मग हे पंखे कुठल्याशा पंपात जाऊन जन्मभर गरगरणार. मेणात जे असेल ते पोलादात उतरतं, बोटाचा ठसासुद्धा. आणि सगळ्यात खालच्या पंख्याच्या पात्यात, अगदी कातडीखाली, मोहरीएवढा फिकट ठिपका होता. हवा अडकलेली. बोट फिरवलं तर पातं गुळगुळीत. उजेडात तिरकं धरलं तरच तो दिसायचा.

तपासणीच्या टेबलावर तिचा हा पहिलाच आठवडा. बाळंतपणाच्या रजेवरून ती परतली तेव्हा फोरमनने तिला इथे बसवलं. म्हणाला, "तुझी नजर चांगली आहे." घरी हे कुणाला सांगायची सोय नव्हती. घरात नजर होती ती फक्त सासूबाईंना. घासलेल्या ताटावर त्यांना डाग दिसायचा, पुसलेल्या काचेवर ओघळ दिसायचे. सून ताट पुन्हा घासायची. सासूबाई ते नाकाशी धरायच्या आणि म्हणायच्या, "अजून आहेच गं." तिला मेलं काही दिसायचं नाही. बाळाचा पहिला दातसुद्धा त्यांनीच शोधला, आणि तोही कुणाला दिसायच्या आधी. लाळेने भरलेल्या हिरडीवरून अंगठा फिरवला आणि जाहीर केलं, "आला!" आई मात्र तोंडात डोकावून डोकावून थकली होती.

मेणाच्या खोलीत तर त्यांचंच राज्य. गरम सुरीने पंखा दांडीला कसा चिकटवायचा हे तिथल्या निम्म्या बायका त्यांच्याकडून शिकलेल्या. सगळ्या त्यांना मास्तरीणबाई म्हणत. त्यांचं झाड आजवर कधी नापास मालाच्या लाल ट्रेमध्ये गेलं नव्हतं. हल्ली त्यांची एकच कटकट होती. "अहो, दिवे बदला की! विजेचं बिल काय तुमच्या खिशातून जातं?" फोरमनने बिचाऱ्याने दिवे बदलले. तरी कटकट चालूच.

सुनेने ठिपक्यावर नख टेकवलं. बुडबुडा मोहरीएवढा, आणि घर केवढं मोठं. सोडून द्यावं? संध्याकाळी याच बाईबरोबर एका ओट्याशी उभं राहायचंय. बाळाला कुशीत घेऊन त्यांच्याच पलीकडच्या खाटेवर निजायचंय. पण आज सोडलं, तर उद्या कुठेतरी ते पातं तुटणार. आणि त्यानंतर आपण या टेबलावर बसणार त्या कुठल्या तोंडाने?

तिने झाड उचललं आणि लाल ट्रेमध्ये ठेवलं. हळूच ठेवलं, तरी सगळ्या सुऱ्या थांबल्या.

फोरमन आला. दांडीला अडकवलेला नावाचा बिल्ला वाचून त्याने हसू मिशीत दाबलं. "मास्तरीणबाई, घरचा आहेर आलाय बरं का!"

सासूबाई उठल्या. चष्मा काढून ॲप्रनला पुसला, पुन्हा घातला. पात्यावरून अंगठा फिरवला. परत फिरवला. मग झाड उजेडात धरून कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"सापडला म्हणायचा!" सासूबाई एकदम खणखणीत आवाजात म्हणाल्या. "अगं, मीच ठेवला होता तो. म्हटलं बघू तरी, टेबलावर सून बसलीये की तपासनीस."

खोलीभर हशा पिकला. फोरमनने हात जोडले. जागेवर जाता जाता सासूबाईंनी मान वळवली. "पण एकच? दोन ठेवले होते मी."

झालं. सुनेची दुपार त्या दुसऱ्यात गेली. तिने ते झाड उलटंसुलटं करून पाहिलं. सासूबाईंची सकाळपासूनची सगळी झाडं परत काढली. लेपाच्या खोलीत जाऊन, बुडवायची राहिलेलीही पाहून आली. चहा गार झाला. फोरमन येता-जाता खोकून विचारायचा, "काय, लागला का पत्ता?" पत्ता कसला लागतोय! सासूबाई आपल्या खाली मान घालून सुरी चालवत होत्या.

सुटल्यावर दोघींनी पाळणाघरातून बाळाला घेतलं. बाळाने आईच्या खांद्यावर डोकं टाकलं आणि लगेच तिथे लाळेचं तळं केलं. रस्ता ओलांडताना सासूबाईंनी सुनेचं कोपर धरलं. "वाहनं फार वाढलीत हल्ली," त्या म्हणाल्या. रस्ता ओलांडून झाला तरी कोपर सोडलं नाही.

जिन्याशी पोचल्यावर सुनेला राहवेना. "आई, हरले मी. कबूल. आता तो दुसरा कुठे होता तेवढं सांगा. नाहीतर मला झोप यायची नाही."

सासूबाई पायाने पायरी चाचपत उभ्या राहिल्या. बाळाने त्यांच्या चष्म्याकडे हात टाकला. त्यांनी तो काढून त्याच्या मुठीत देऊन टाकला.

"दुसरा कसला गं?" त्या हळूच म्हणाल्या. "मला तर अजून पहिलाच दिसलेला नाही."