जुनी ओळ

राजनंदिनीनं कॉम्प्युटरला डोंगल लावलं, लिनक्सच्या काळ्या खिडकीत कमांड दिली. नंबर फिरला, कनेक्शन लागलं. अकरावी प्रवेशाची साइट टाकली. सापडत नाही. परत टाकली. परत तेच.

संध्याकाळपर्यंत सीट पक्की केली नाही, तर सायन्स गेलं हातातून.

"आई, कॅफेत जाऊन येऊ का?"

आई फडक्यानं भेंडी पुसत होती. "नको. तो कॅफेवाला मेला आधी विचारील, साहेब कुठंयत."

साहेब म्हणजे पप्पा. ते उन्हाळ्यापासून गंगापूरला होते. दुसऱ्या घरी. हे अख्ख्या हर्सूलला माहीत होतं, तरी सगळे विचारायचे.

राजनंदिनीनं आईचा बटणाचा फोन घेतला. आई नको म्हणाली नाही. पप्पांचा नंबर लावून, स्पीकर चालू करून तिनं फोन कीबोर्डशेजारी ठेवला.

"पप्पा, नेट लागतंय पण साइट उघडत नाय."

"नंबरनं पिंग करून बघ." दुकानातल्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसा आवाज.

"नंबरला उत्तर येतंय. नाव टाकलं की नाय."

"मग लाइन चांगलीय. नावाचा नंबर शोधणारा डीएनएस अडलाय. ती रिझॉल्व्हची फाइल उघड. पासवर्ड तोच."

तिनं पासवर्ड टाकला. इथं टाकलेलं स्क्रीनवर दिसत नाही, ठिपकेसुद्धा उमटत नाहीत. फाइल उघडली. आत एकच ओळ. ती वाचायला लागली.

"हां, कळलं," पप्पा मधेच म्हणाले. पलीकडं कुकरची शिट्टी झाली. आईचा हात थांबला. मग पुन्हा भेंडी पुसू लागला.

"तो माझ्या नेटच्या डब्याचा पत्ता. साइटचं नाव दिलं की तो नंबर शोधून द्यायचा. डबा मी इकडं घेऊन आलो ना."

म्हणजे मशीन इतके दिवस घरात नसलेल्या डब्यालाच विचारत बसलं होतं. एरवी राजनंदिनी यावर लोळून हसली असती.

"खाली नवी ओळ लिही. नेमसर्व्हर, पुढं चार वेळा आठ, मधे टिंब."

"जुनी खोडू?"

"खोडू नको बेटा. तिच्या पुढं हॅश लाव. ओळ जागेवर राहती, मशीन फक्त तिला वाचत नाय. असू दे, कधी लागली तर."

तिनं हॅश लावला. ओळ फिकट निळी पडली. साइट उघडली. सीट पक्की झाली.

"झालं?"

"झालं."

"आणखी काही?"

"नाय."

फोन बंद झाला. राजनंदिनीनं आईकडं पाहिलं. "आई, सायन्स मिळालं."

"लई चांगलं झालं." आई भेंडीकडंच बघत होती. "त्या ओळीचं काय म्हणला तो? जागेवर राहती?"

"व्हय. मशीन वाचत नाय नुसती. राहिली तरी काय बिघडत नाय."

आई उठली. पदराला हात पुसत कॉम्प्युटरपाशी आली.

"खोडायचं बटण कोणतं?"

राजनंदिनीनं कर्सर जुन्या ओळीच्या शेवटी नेऊन ठेवला आणि बटण दाखवलं. आईनं त्यावर बोट दाबून धरलं. आकडे गेले, टिंबं गेली, अक्षरं गेली. सगळ्यात शेवटी हॅश गेला.

खोडायला काही उरलं नव्हतं. आईचं बोट तसंच बटणावर होतं.