पायी आलेला पाहुणा

"एसटीनं आले का पायी?" कांताबाईंनी ओसरीवरूनच विचारलं.

"पायीच," म्हणून गोविंदानं काठी भिंतीला टेकवली.

आत इंदूबाईचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच तिला स्वतःची लाज वाटली. सत्तरीचा बाप सात कोस तुडवत येतो आणि आपल्याला बरं वाटतं.

पण पांढरकवड्याच्या त्या घरात सासूचा शब्द चाले. पायी आलेल्याचे पाय गरम पाण्यानं धुवायचे, त्याला रात्री ठेवून घ्यायचं, ही जुनी रीत. वर्षापूर्वी मुकुटबनच्या रस्त्यावर, इंदूबाईच्या माहेरावरून, एसटी सुरू झाली, तशी कांताबाईंनी नवी रीत काढली. तीनच्या एसटीनं येणाऱ्यानं चहा घ्यावा आणि पाचच्या एसटीनं परत जावं. खोल्या दोन, माणसं सात. नणंदा, मावसदीर, सगळे तसेच जाऊ लागले. कांताबाई स्वतःही त्याच रस्त्यावरच्या बहिणीकडे एका दिवसात जाऊन येत. आजही त्या नुकत्याच परतून डाळ पाखडायला बसल्या होत्या.

इंदूबाईनं पाणी आणलं. बापाच्या पायांना घोट्यापर्यंत धूळ होती. धोतर मात्र सकाळी नेसल्यासारखं पांढरं. वाटेत कोणत्या चिंचेखाली बसलो, कोणाच्या विहिरीवर पाणी प्यालो, ते तो सांगत होता. ते ऐकता ऐकता तिनं मनाशी ठरवलं.

"बाबा, पुढच्या बारीले एसटीनंच या."

"मले एसटी लागते. पोटात ढवळते."

"दोनच घंटे बसा मायापाशी, चालते मले. पण वाटेत पडले त मी कोणाच्या तोंडाकडं पाहू?"

गोविंदा वाकून पाय धुवायला लागला.

कांताबाईंनी सूप आपटलं. "पाहुण्याले असं धाडत नसते, सूनबाई. तुये बाबा, माये इवाई, चालून आले. दोन राती राहू दे त्याईले."

दोन राती. इंदूबाईला खरंच वाटेना. सासूचं मन बदलायच्या आत तिनं बापाचा सदरा धुवायला घेतला. खिशातून कागदाचा चिठोरा पडला. एसटीचं तिकीट, आजचंच. सासूबाईंनी मघाशी कोनाड्यात टाकलं होतं तसंच गुलाबी.

तिनं मूठ मिटली. पण कांताबाई मागेच उभ्या होत्या. त्यांनी मूठ उघडून तिकीट घेतलं आणि चुलीत टाकलं.

"तिसरी वेळ हाये," त्या हळूच म्हणाल्या. "आज गावाबाहेरच्या नाक्याजवळ इवाई एसटीतून उतरले, तवा मी मांगच्याच सीटवर होती."