उंदरांची जखम

सर्जननी आप्पांचा मोजा कात्रीने कापून काढला, तेव्हा कुठे मला वडिलांचं पाऊल दिसलं. अंगठ्याजवळची जखम चिघळली होती, बोटं काळी पडली होती. “शुगर आहे, तरी इतके महिने दुखणं अंगावर काढलंत?” सर्जन म्हणाले. “आता गुडघ्याखालून पाय काढावा लागेल.”

आणि मी काम करते ते जखमांवरच. पुण्याच्या लॅबमध्ये आम्ही नाळेतल्या मूळ पेशींनी सोडलेल्या अतिसूक्ष्म पिशव्या गोळा करतो आणि उंदरांच्या जखमांभोवती टोचतो. तिथे नव्या रक्तवाहिन्या फुटतात, जखम भरत येते. एक दिवस आड मी मोजपट्टी लावून तिचं माप घेते.

“तुझ्या उंदरांची जखम भरली का गं?” आप्पा दर रविवारी फोनवर विचारायचे. चौथी शिकलेल्या बापाला लेकीच्या कामाचं केवढं कौतुक, असं मला वाटायचं. “भरतेय. दिवाळीपर्यंत होईल सगळं,” मी सांगायचे. गणपतीत घरी गेले, तर ते घरातही मोजे घालून. फरशी गार लागते म्हणाले. मी आणखी दोन जोड आणून दिले.

“मला का नाही सांगितलंत?” मी रडत विचारलं.

“तुझं औषध दिवाळीपर्यंत होणार होतं ना? म्हणून थांबलो.”

दिवाळीपर्यंत माझा प्रबंध पुरा होणार होता. माणसांसाठी औषध व्हायला अजून दहा वर्षं तरी लागतील, हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं.

आप्पांनी माझ्या हातावर हात ठेवला. “असू दे. दुसऱ्या पायाला येईल कामाला.”