बिनआवाजाचं इंजिन

"ह्ये चालू हाय का बंद?" आकारामनं घोगऱ्या आवाजात विचारलं.

"चालूच हाय की, मामा. हात लावून बघा."

त्यानं हात लावला. इंजिन खरंच थरथरत होतं. नवी बोट घेऊन राजारामपुरीहून आलेला संग्राम हसला.

दोन हजार पाचच्या पुरात चार दिवस माणसं बोटीत ओढून घेऊन आकारामच्या खांद्यांचा पार भुगा झाला होता. घसा असा बसला होता की हाक हातभर जात नव्हती. त्यात जुन्या इंजिनाची धडधड. झोपेतही कानांत पिठाची गिरणी चालू. काल त्या इंजिनानं मान टाकली तेव्हा दुःख कसलं, त्याला सुटल्यासारखंच वाटलं.

"ह्येला आवाज का न्हाय?"

"तुमचं टू-स्ट्रोक. दर फेऱ्याला धडाका, आणि धूर पाण्याच्या वरच सोडायचं. ह्ये फोर-स्ट्रोक. एक फेरा सोडून धडाका. धूर पंख्याच्या मधनं पाण्याखाली जातोय, मग आवाज पाण्यातच जिरतो."

"शाणं हाय," आकाराम म्हणाला.

शिरोळ तालुक्यातल्या त्याच्या वाट्याची आता एकच वस्ती रिकामी करायची उरली होती, नदीकाठच्या मळ्यातली. तिथं त्याची थोरली बहीण आक्काताई एकटीच राहायची. परवा भरलेली बोट घेऊन तिथून जाताना ती कौल सरकवून माळ्यावरनं डोकावताना त्याला दिसली होती. "उद्या मीच येतो न्यायला!" असं सांगून तो पुढं गेला. दुसऱ्या दिवशी धार इतकी वाढली की जाता आलं नाही, आणि मग इंजिनच गेलं. मातीच्या भिंती पाण्यात किती तग धरणार?

बोट वस्तीवर पोचली. पाऊस कौलांवर ताडताड वाजत होता. घरांना चिकटून जायची सोय नव्हती, भिजलेली भिंत बोटीच्या लाटेनं खचली असती. संग्राम उभा राहिला, तोंडाशी हात धरून ओरडला, "कोण हाय का? बोट आलीया!"

त्यांनी दोन फेऱ्या मारल्या. छपरावर माणूस नाही. एक कौल हललं नाही.

"नेलं असणार, मामा. सकाळी दुसरी बोट इकडं आलती."

आकारामनं ओले हात जोडले आणि तो पोरासारखा रडला. सुटली बाई. आता नुसतं पडायचं, दोन दिवस उठायचं नाही.

जयसिंगपूरच्या शाळेत छावणी होती. तिथं आक्काताईची शेजारीण शालूबाई चहा घेत बसलेली दिसली. आकाराम तिच्यासमोर भिंतीला टेकला.

"आमची आक्काताई कुठल्या खोलीत हाय?"

शालूबाईनं कप खाली ठेवला.

"म्हंजे? तुम्ही आणली न्हाईसा? सकाळच्या बोटवाल्यांनी किती हाका मारल्या, ती माळ्यावर गप बसून ऱ्हायली. शेवटी मीच चढून गेलते समजवायला. मला म्हणाली, 'परक्याच्या बोटीत पाय ठेवणार न्हाय. माझा भाऊ येणार हाय. त्याच्या इंजिनाची धडधड कानावर आल्याबिगार मी कौल सरकवायची न्हाय.'"