पुन्हा तीच पोझ

“एक बार और. फ्रंट डबल बायसेप्स.”

लतिका मॅडमचा आवाज माइकवरून आला आणि हर्षाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. ही पोझ आत्ताच तर झाली होती. दोन्ही दंड वर, पोट आत, चेहऱ्यावर हसू. शरीरसौष्ठवाच्या ‘महिला फिजिक’ गटाच्या अंतिम फेरीत आता स्टेजच्या मधोमध दोघीच उरल्या होत्या, हर्षा आणि यशश्री. जिंकेल ती राज्याच्या संघात जाणार होती. हरेल तिने गुमान घरचा रस्ता धरायचा.

यशश्री महाराजपूरच्या जिममधली. ती जिम लतिका मॅडमची, आणि लतिका मॅडम आज मुख्य पंच. पुढचं कळायला काही ज्योतिषी लागत नव्हता.

हर्षाही एके काळी त्याच जिममध्ये होती. मॅडम तिच्याकडून घाम निघेस्तोवर वजनं उचलून घेत, पण पोझ शिकवायचं नाव काढत नसत. आधी अंग तयार होऊ दे, पोझ नंतर, अजून वर्षभर थांब, हेच पालुपद. हर्षाला कुठला एवढा धीर? एक दिवस ती मॅडमना चार गोष्टी सुनावून बाहेर पडली आणि कांचघर भागातल्या विक्कीभैयाच्या जिममध्ये गेली. विक्कीभैयाने आजवर पुरुषच तयार केले होते. त्याने महिनाभरात तिच्या सगळ्या पोझ बसवून दिल्या. मूठ अशी आवळ की नस न् नस दिसली पाहिजे, असं तो म्हणायचा.

आता मॅडम त्या चार गोष्टींचा हिशेब चुकता करत होत्या. हर्षाने दंड वर उचलले आणि सगळा राग मुठींत आणून त्या आवळल्या. डोळ्याच्या कोपऱ्यातून तिने शेजारी पाहिलं. यशश्रीची बोटं मोकळी होती, नेलपॉलिश वाळवत असल्यासारखी. हर्षाला मनातून हसूच आलं. ही काय ताकद दाखवणार?

“एक बार और.”

आता मात्र तिची खात्रीच पटली. कालपासून तिच्या पोटात पाण्याचा घोट नव्हता, अंग कोरडं आणि रेखीव दिसावं म्हणून. अशा अंगाने तीच पोझ पुन्हा पुन्हा दिली की माणूस थरथरायला लागतं, आणि थरथरलं की संपलं. मॅडमना हे पक्कं ठाऊक होतं. शिवाय त्या यशश्रीकडे ढुंकूनही पाहत नव्हत्या. नजर हर्षावरच रोखलेली. शेजारचे पंच त्यांच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटले, तर त्यांनी नुसती मान हलवली आणि हातातलं पेन तसंच धरून ठेवलं.

तिसऱ्या रांगेत तिचे वडील, बापू, बसले होते, भर दुपारी डोक्याला मफलर गुंडाळून. घराजवळचं, रांझीतलं कोणी ओळखीचं भेटू नये म्हणून. पोरगी कसल्या कपड्यांत स्टेजवर उभी राहते हे नागपूरच्या आत्याला कळलं तर ती घर डोक्यावर घेईल, ही त्यांची धास्ती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत त्यांनी वर्षभर सगळ्यांपासून लपवलं होतं. राज्याच्या संघाचा ब्लेझर घरी आला, की मग कॉलनीभर पेढे वाटू. आज हरली, तर बापू पुढच्या वर्षी पाठवायचे नाहीत. हर्षाला हे फार टोचत होतं.

पडद्याआडून विक्कीभैया दोन्ही मुठी दाखवत होता. और कस, और कस. हर्षाने आणखी आवळल्या. नखं तळव्यांत रुतली.

“एक बार और. सेम पोझ.”

हात वर गेले, पण त्यांत जीव नव्हता. मनगटं थरथरली. तिने पुष्कळ जोर लावला, तरी बोटं एकेक करून आपोआप सुटली. झालं, घातलं हिने मला खड्ड्यात, असं हर्षाच्या मनात आलं आणि डोळे भरून आले.

लतिका मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. “थँक यू, लेडीज.”

पहिला नंबर हर्षाचा आला. बापूंनी मफलर काढून हवेत फिरवला. तरी हर्षाच्या मनातली अढी काही जाईना. बाकीच्या पंचांपुढे मॅडमचं चाललं नसेल, दुसरं काय. स्टेजमागे यशश्री स्टेजसाठी अंगाला फासलेला रंग टॉवेलने पुसत बसली होती. हर्षा तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“तुझ्या मॅडम मलाच काहून थकवून राहिल्या होत्या? तीच तीच पोझ?”

यशश्रीने टॉवेल बाजूला ठेवला. भांडायच्या तयारीत आवळलेली हर्षाची मूठ तिने हातात घेतली आणि एकेक बोट हलकेच सोडवलं.

“आपल्या गटात मूठ बंद ठेवली की मार्क कापतात, दीदी. जजला तोंडाने सांगता येत नाही. पोझ तेवढी पुन्हा मागता येते.”

मग तिने टॉवेल परत उचलला.

“माझे हात तर पहिल्या वेळीच उघडे होते.”