घोड्याचे कान

आजोबांनी वीटभट्टी सुरू केली, तेव्हा विटांच्या साच्यात हौसेने घोडा कोरला. कान तेवढे लांब झाले. तीन पिढ्या पंचक्रोशी ‘गाढवछाप’ विटांची घरं बांधत राहिली. पण मेहुण्यांनी नातवाला ‘गाढवछाप जावई’ म्हटलं आणि पाणी डोक्यावरून गेलं. त्याने नवे साचे घडवून घेतले. आखूड कान, ताठ मान, घोडा कसा रुबाबदार!

पहिलीच गाडी दुपारी भरलेली परत आली. मागोमाग म्हातारा गवंडी.

“काय झालं मामा? विटा कच्च्या निघाल्या?”

“फसवायला मीच सापडलो का रे? भलत्याच भट्टीचा माल माझ्या गळ्यात मारतोस?” गवंड्याने वीट त्याच्या नाकासमोर धरली. “नक्कल करायलाही अक्कल लागते. या लेकाच्याला साधं गाढव काढता आलं नाही!”