वरवंटा

चौदा वर्षं आमच्या घरात दुधाच्या पातेल्यावर झाकण आणि झाकणावर वरवंटा असायचा, कारण भुरी मांजर वाटीतलं दूध हुंगायचीही नाही. तिला चोरलेलंच गोड लागायचं. आता आठवडाभर तिनं कशालाच तोंड लावलेलं नाही. जळगावचे डॉक्टर म्हणाले, “वय झालंय, खाईल ते द्या.” आईनं साजूक तूप, उकडलेला मासा, सगळं करून पाहिलं. शेवटी आज दुपारी तिनं वरवंटा उचलून बाजूला ठेवला, झाकण अर्धं सरकवलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतलं. “चोरीसन खाय वं माय, मी नही देखत,” ती पुटपुटली. बराच वेळ काहीच वाजलं नाही. ती उठली, तेव्हा भुरी पातेल्याशेजारीच बसली होती, साय अखंड होती. आईनं झाकण आपटलं आणि पूर्वीसारखी ओरडली, “चोट्टी, निंघ मना घरमाईन!” भुरी पळाली नाही.